आमच्या घराण्याचे कान

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, साठी ओलांडल्यावर हळूहळू ऐकेनासे झाले. आजी वैतागून म्हणे, "यांच्या कानाशी नारोशंकराची घंटा नेऊन वाजवली तरी हे वर्तमानपत्र खाली ठेवायचे नाहीत." गोदाकाठच्या देवळातली ती घंटा वसईच्या विजयाची खूण मानली जाते आणि तिचा नाद कोसभर जाई, असे जुने नाशिककर सांगत आले आहेत. आजोबांनंतर थोरल्या मामांना कमी ऐकू येऊ लागले, मग आईला. त्यामुळे "आमच्या घराण्याचे कानच तसे" हे वाक्य आमच्याकडे रूढ झाले. कोणी त्यावर फार विचार केला नाही. म्हातारपणी गुडघे जातात, दात जातात, तसे कान जातात, एवढेच.

या वाक्याला धार आली ती गेल्या वर्षी. माझ्या भाच्याला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात तिच्या कानांची चाचणी झाली, ती तिला उत्तीर्ण करता आली नाही. महिन्याने पुन्हा केली, पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात 'बेरा' नावाची चाचणी झाली आणि दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, असे निदान आले. त्या संध्याकाळी घरातली सगळी मोठी माणसे बैठकीच्या खोलीत जमली. ग्रहणाच्या दिवशी भाजी चिरली होती का, येथपासून चर्चा सुरू झाली. मग कोणीतरी सहज म्हणाले, "अहो, पणजीचेच कान पोरीला आले."

आई समोरच बसली होती. तिला सगळे वाक्य ऐकू आले नसावे, पण सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळलेल्या तिने पाहिल्या. रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन तिने विचारले, "माझ्यामुळे झालं का गं?" तिचे वय ७९. या प्रश्नाचे नीट उत्तर तिला द्यायचे म्हणून मी जे समजून घेतले, ते येथे मांडते आहे. अशी आजी अनेक घरांत असेल.

आईचे कान आणि बाळाचे कान यांत मुळात काय बिघडले आहे, ते आधी पाहू. कानाच्या आत, हाडाच्या कवटीत, गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात द्रव असतो आणि सुमारे पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी द्रव हलला की या पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात, पोटॅशियमचे कण आत शिरतात, विजेचा इशारा निर्माण होतो आणि तो मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात. निसर्गाने कोंबडीला दिले ते आपल्याला दिले नाही.

शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे स्वर टिपतात, आतल्या टोकाच्या खर्जाचे. वयाबरोबर आधी तोंडाजवळच्या पेशी झिजतात. म्हणून वृद्ध माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात; स, श, फ, त, क, ठ या व्यंजनांची कुजबुज उंच पट्टीत असते, ती गळते. आई रक्तदाबाची सात वाजताची गोळी आठ वाजता घेत होती, कारण तिला "सात" आणि "आठ" यांत फरकच उरला नव्हता. आम्ही मात्र तिला विसराळू ठरवून मोकळे झालो होतो. सुनेचे बोलणे समजत नाही आणि मुलाचे समजते, याचा अर्थ सासूचा पक्षपात असा नसून बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज उंच पट्टीचा असतो, असा आहे. या एका गोष्टीने किती घरांतली धुसफूस कमी झाली असती, असे वाटत राहते.

आता या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा किती? जुळ्या भावंडांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून तो साधारण एक तृतीयांश ते निम्म्याच्या आसपास निघतो. पण तो एका जनुकाचा नसतो. २०१९ साली ब्रिटनमधील सुमारे अडीच लाख लोकांच्या माहितीतून जनुकसंचातल्या ४४ जागा प्रौढ वयातील ऐकण्याच्या अडचणीशी जोडलेल्या आढळल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. उरलेले काम आयुष्यभराचा गोंगाट, धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब, कानाला बाधणारी औषधे असे सगळे मिळून करतात. आमचे थोरले मामा तरुणपणी ढोलपथकात होते. नाशिक ढोलाचे कौतुक आम्हा सर्वांना आहे, पण मिरवणुकीत तासन्‌तास कानाशेजारी वाजणाऱ्या ढोलाचा हिशेब कान कधीतरी मागतोच. तेव्हा "घराण्याचे कान" हे अर्धेच खरे. अर्धे आपण कमावलेले असतात.

बाळाची गोष्ट पूर्ण वेगळी.

जन्मजात बहिरेपणामागे कधी गर्भारपणातला रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणू असतो, कधी अपुऱ्या दिवसांचा जन्म, कधी मेंदूपर्यंत पोचलेली तीव्र कावीळ. पण निम्म्याहून अधिक मुलांत कारण जनुकीय असते. बहिरेपणाशी संबंधित शंभराहून अधिक जनुके आजवर सापडली आहेत. आमच्या बाळाचे रक्त तपासणीला गेले आणि उत्तर आले ते त्यांतल्या सर्वांत परिचित जनुकाचे. तेराव्या गुणसूत्रावरील जीजेबी-२. बहिरेपणाशी त्याचा संबंध १९९७ साली उघड झाला. हे जनुक कनेक्सिन २६ नावाचे प्रथिन बनवते. केशपेशींत शिरलेले पोटॅशियम पुन्हा द्रवात परत जावे यासाठी शेजारच्या पेशींमध्ये बारीक दारे असतात. ती दारे या प्रथिनाची बनलेली. दारे नसली तर कानाची सगळी विद्युतव्यवस्था कोलमडते.

हे प्रथिन २२६ मण्यांची माळ समजा. आमच्या बाळाच्या जनुकात चोविसाव्या मण्याच्या जागी "थांबा" असा हुकूम लिहिला गेला आहे. माळ तेथेच तुटते. शास्त्रज्ञ या दोषाला डब्ल्यू २४ एक्स म्हणतात, आणि भारतात जीजेबी-२ मधला हाच दोष सर्वाधिक आढळतो. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील आणि मुंबईच्या अली यावर जंग संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की हा दोष वेगवेगळ्या घरांत वेगवेगळा उपजलेला नसून फार पूर्वीच्या एखाद्या समान पूर्वजाकडून वाटत वाटत आलेला आहे. युरोपात सर्वसामान्य लोकांत या जनुकातला दुसराच दोष जास्त दिसतो. मात्र स्लोव्हाकिया आणि स्पेनमधील रोमा लोकांत पुन्हा हाच डब्ल्यू २४ एक्स सापडतो. रोमांचे पूर्वज हजार-दीड हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले. भाषेतले काही शब्द त्यांनी बरोबर नेले, तसा हाही.

म्हणजे कोणा एका सासूची, सुनेची किंवा ग्रहणातल्या विळीची ही करणी नव्हे. आपल्यापैकी प्रत्येकात असे काही ना काही मुके दोष असतातच. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते; अशा माणसाला वाहक म्हणतात आणि त्याचे कान उत्तम असतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तरच बहिरेपण येते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता चारात एक असते. पहिले मूल कर्णबधिर झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब येथे चालत नाही. दर वेळी फासा नव्याने पडतो. "आमच्या घरात आजवर कधी कोणी बहिरं जन्मलं नाही" हे वाक्य म्हणूनच काही सिद्ध करत नाही. दोष पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप चालत येऊ शकतो.

येथे आमच्या घरातली एक नाजूक गोष्ट सांगणे भाग आहे. भाच्याची बायको ही त्याच्या मामाची मुलगी. वहिनींनी आपल्या सख्ख्या भावाची लेक सून म्हणून आणली. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करणे ही हौसेची, मानाची गोष्ट. त्यामुळे झाले असे की दोष सुनेच्या माहेरावर ढकलावा, तर ते माहेर वहिनींचेच. वहिनी कितीतरी दिवस गप्प होत्या. बोट आईकडे वळले, ते मला वाटते त्या गप्पपणातूनच.

जनुकीय समुपदेशकांनी कागदावर वंशवृक्ष काढला. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, आणि नात्यातल्या जोडप्यामध्ये दुहेरी रेघ. भाचा आणि त्याची बायको यांचे समान पूर्वज कोण, तर वहिनींचे आई-वडील. त्या दोघांपैकी एक वाहक असणार. ती प्रत एकीकडे वहिनींकडून भाच्यात आली, दुसरीकडे वहिनींच्या भावाकडून सुनेत आली, आणि दोन्ही वाटा बाळात येऊन मिळाल्या. माझी आई त्या दुहेरी रेघेच्या वाटेवर कुठेच नव्हती.

पण म्हणून आता वहिनींना दोषी ठरवायचे का? समुपदेशक स्पष्ट म्हणाल्या की सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नातही बहुतेक मुले निरोगी जन्मतात. जन्मजात दोषांची शक्यता इतर जोडप्यांपेक्षा साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते. शिवाय हा दोष आपल्याकडे इतका पसरलेला आहे की अजिबात नाते नसलेले दोन वाहकही एकत्र येतात. लग्नाआधी घरात कर्णबधिर मूल असल्याचे माहीत असेल, तर मात्र रक्ततपासणी आणि समुपदेशन करून घेणे शहाणपणाचे. पत्रिका जुळवायला आपण जेवढा वेळ देतो, त्याच्या दशांशही त्याला लागत नाही.

आणखी एक सावधगिरी. आनुवंशिकतेचा विषय निघाला की काही लोक पुढे जाऊन कर्णबधिरांनी आपसांत लग्नच करू नये, असे बोलू लागतात. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८३ साली असाच इशारा दिला होता, तोही स्वतःची आई आणि पत्नी दोघी कर्णबधिर असताना. दोन कर्णबधिर व्यक्तींचे दोष वेगवेगळ्या जनुकांतले असतील तर त्यांची मुले सहसा ऐकणारी असतात, हे बेल यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. आणि मूल कर्णबधिर जन्मले, तरी ते घरात नको होते असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

मी तो वंशवृक्ष घरी आणला. आईला तोंडाने समजावणे कठीण, कारण मी ओरडले की तिला वाटते मी रागावले. म्हणून जुन्या कालनिर्णयच्या पानामागे मोठ्या अक्षरांत तोच वृक्ष पुन्हा काढला, प्रत्येक वर्तुळाखाली नाव लिहिले. तिने चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिले. दुहेरी रेघेवरून बोट फिरवत वर गेली, मग स्वतःच्या वर्तुळापाशी आली. "म्हणजे मी इथे बाजूला," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग ती बिचारी वहिनी काय करत असेल?" आणि त्याच दिवशी तिने वहिनींना बोलावून घेतले. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. आईला अर्धे ऐकूच गेले नसणार.

बाळाच्या बाबतीत एक दिलासा असा की कनेक्सिनच्या दोषात श्रवणाचा मज्जातंतू शाबूत असतो. त्यामुळे कॉक्लिअर इम्प्लांट वेळेवर झाले तर ही मुले सहसा चांगली बोलू लागतात. मूल मुके नसते, त्याने भाषा ऐकलेलीच नसते. म्हणून "मूकबधिर" हा जुना शब्द आता टाकून द्यावा. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचारांना सुरुवात, असा क्रम जगभर मानला जातो. पहिली चाचणी झोपलेल्या बाळावरही होते: कानात बारीक टिकटिक सोडतात आणि केशपेशींचा प्रतिध्वनी मोजतात. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, आणि लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी केंद्राच्या 'ॲडिप' योजनेतून साहाय्य मिळते. त्यासाठी मुंबईच्या वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेकडे चौकशी करावी. काही जनुकीय प्रकारांत बहिरेपणाबरोबर रातांधळेपणा, गलगंड किंवा हृदयाच्या ठोक्यांतला दोष येतो. म्हणून कर्णबधिर मुलाचे डोळे तपासावेत आणि एकदा ईसीजी काढावा. कर्णबधिर मूल धावताना किंवा घाबरून बेशुद्ध पडत असेल, तर हे टाळूच नये.

जनुकोपचाराच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. २०२४ च्या जानेवारीत शांघायच्या फुदान विद्यापीठातील डॉक्टरांनी ओटोफर्लिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्या सहा मुलांवरील उपचार प्रसिद्ध केले. पाच मुलांना ऐकू येऊ लागले. बातमी खरी आहे, पण तो दोष वेगळा आहे. आमच्या भाच्याने ती मोबाइलवर पाहिली आणि इम्प्लांट पुढे ढकलावे का, असे विचारले. डॉक्टरांनी ठाम नकार दिला. भाषा शिकण्याची मेंदूची वर्षे थांबत नाहीत. ओटोफर्लिनच्या दोषात केशपेशींचा प्रतिध्वनी मात्र सुरुवातीला ठीक येतो, म्हणून पहिली चाचणी उत्तीर्ण झालेले मूलही हाकेला प्रतिसाद देत नसेल तर 'बेरा' करून घ्यावी.

आजी-आजोबांनी आपल्या घराण्याविषयी आणखी एक गोष्ट आठवून पाहावी, कारण ती फक्त त्यांनाच माहीत असते. क्षयाच्या इंजेक्शनांनी कान गेले, असे जुन्या पिढीत कोणाबद्दल ऐकले आहे का? स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, जेंटामायसिन ही एकाच कुळातली औषधे. जास्त मात्रेत ती कोणाच्याही कानांना बाधू शकतात. पण काही माणसांच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात असा एक दोष असतो की ठरलेल्या साध्या मात्रेतही कान कायमचे जातात. ही औषधे जंतूंची प्रथिने बनवणारी यंत्रणा बंद पाडतात, आणि या दोषामुळे माणसाची ती यंत्रणा जंतूंच्या यंत्रणेसारखी दिसू लागते. १९९३ साली हे उलगडले. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, म्हणून हा वारसा आजीकडून आईला, आईकडून सर्व मुलांना मिळतो, आणि पुढे मुलींमार्फतच चालतो; मुलगे तो पुढे देत नाहीत. मँचेस्टरमध्ये नवजात अतिदक्षता विभागांत प्रतिजैविक देण्यापूर्वी २६ मिनिटांत हा दोष ओळखणारी चाचणी वापरून पाहिली गेली. आपल्या गावात ती नसली तरी एक गोष्ट करता येते: आईच्या बाजूला कोणाचे कान इंजेक्शननंतर गेले असतील, तर ते प्रत्येक डॉक्टरला आधी सांगावे, आणि मुलाबाळांच्या फायलीत लिहून ठेवावे. इंजेक्शन स्वतःहून मात्र नाकारू नये. निर्णय डॉक्टरांना घेऊ द्यावा.

आणि आई? बाळाच्या धावपळीत तिचाही ऑडिओग्राम काढला. दोन्ही कानांत उंच पट्टीकडे रेघ उतरणीला लागलेली, अगदी पुस्तकातल्यासारखी. श्रवणयंत्र घ्यायला ती सात वर्षे नाही म्हणत होती. मध्यमवयापासून न सुधारलेला बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक आहे, असे 'लॅन्सेट' आयोगाने २०२० आणि २०२४ मध्ये म्हटले आहे. २०२३ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत सर्व वृद्धांचा एकत्रित विचार करता श्रवणयंत्रांनी फरक दिसला नाही, पण ज्यांना धोका अधिक होता त्यांच्यात तीन वर्षांत बुद्धीची घसरण निम्म्याने मंदावली. हे मी तिला कालनिर्णयच्या दुसऱ्या पानावर लिहून दाखवले. तिने वाचून बाजूला ठेवले. पैशाचा प्रश्न असणाऱ्यांनी राष्ट्रीय वयोश्री योजना आणि राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना यांची चौकशी करावी. पासष्टीपुढील, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना राज्याच्या योजनेत अशा साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये मिळतात. त्यात चांगले यंत्र येत नाही, पण हातभार लागतो.

तिला पटवले ते कोणत्याही अभ्यासाने नव्हे. बाळाच्या कानांवर इम्प्लांटपूर्वी काही महिने छोटी गुलाबी श्रवणयंत्रे बसवली, तेव्हा ती पोर सारखी ती ओढून काढी. आई म्हणाली, "तिला एकटीला सवय व्हायची नाही." आता दोघींची यंत्रे फडताळात एकाच डबीत, ओल शोषणाऱ्या पुडीसह राहतात. पहिल्या आठवड्यात कुकरच्या शिट्टीने आई दचकून उठली आणि स्टीलच्या ताटांचा आवाज असा असतो हे विसरले होते, म्हणाली. सध्या ती सकाळी दोन तास यंत्र लावते आणि दुपारी काढून ठेवते. ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, चालेल, पुढच्या महिन्यात तीन तास करू.